सालीवरचे पांढरे डाग: ठाणे-ऐरोली प्रकल्प नोंदी

2 जून

मागच्या कंपाउंडजवळच्या आंब्याची पावसाळ्याआधीची छाटणी झाली आणि फांद्यांचा ढीग गेटपाशी पडलाय, टेम्पो उद्या येणार, म्हणजे जे घ्यायचं ते आजच घ्यायला हवं. मनगटाएवढ्या फांद्यांचे वीतभर तुकडे कापून कागदी पाकिटात भरले (प्लॅस्टिकमध्ये नाही, आतल्या आत घामेजतं आणि दोन दिवसांत बुरशी धरते). पाकिटावर पेन्सिलीने झाड, जागा, तारीख आणि फांदी साधारण किती उंचीवर होती ते. शेवटचं छाटणीवाल्या दादांना विचारून घेतलं, ते म्हणाले "दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला घासत होती", तसंच लिहिलं.

प्रकल्प भाचीचा. एस.वाय. बॉटनीला आहे, तिने विषय घेतलाय की आपल्याकडच्या झाडांच्या सालीवर जे चिकटून बसलेलं शैवाक (लायकेन, बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून बनलेलं) सगळीकडे दिसतं ते नेमकं कुठलं आणि ते कुठे राहतं. मी वर्तकनगरला राहते आणि नोकरीला ऐरोलीला जाते म्हणून दोन्हीकडची झाडं माझ्याकडे, मायक्रोस्कोप तिच्याकडे. नोंदी मीच लिहिणार असं ठरलंय कारण तिच्या वहीत निम्मी पानं मांजरांच्या चित्रांची.

एक नियम पहिल्या दिवशीच ठरवला: उभ्या झाडाची साल खरवडायची नाही. पडलेली फांदी, छाटलेली फांदी, नाहीतर फोटो.

9 जून

सगळे तुकडे गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडले आणि 10 पटीच्या लेन्सने बघत बसलो. लांबून एकच पांढरट डाग दिसतो पण जवळून ही गर्दीच गर्दी. ढोबळ वाटणी केली.

आधी ब्लेडची पात कडेखाली सरकवून बघायची. सरकली आणि तुकडा उचलला गेला तर ते पानासारखं, नाहीच सरकली आणि सालीसकटच निघालं तर क्रस्टोज, म्हणजे ज्याला खालची वेगळी त्वचाच नसते, बुरशीचे धागे थेट सालीत शिरलेले असतात. आपलं गोड्या मसाल्यातलं दगडफूल पहिल्या जातीतलं, मोठं, सुटं, हाताने निघणारं. इथे फांद्यांवर त्या गटातले बारीक भाऊबंद भरपूर आहेत, पिक्सीन आणि डिरिनारिया, दोन्ही सालीला इतकी दाबून बसतात की लांबून क्रस्टोजच वाटावीत. पिक्सीनच्या खालच्या बाजूला काळे मुळासारखे धागे असतात, डिरिनारियाला नसतात. ही बाजूला ठेवली.

उरलेल्या क्रस्टोजमध्ये: एक हळदी पिवळं, बोटाला पावडर लागणारं, क्रायसोथ्रिक्स, ते ओळखायला लेन्सही लागत नाही. एक करड्या पांढऱ्या थरावर काळ्या वाकड्यातिकड्या रेघा असलेलं, ग्राफिस आणि त्याचं खानदान. आणि सगळ्यात जास्त जे दिसलं, जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर, ते राखाडी-पांढऱ्या, जरा खरखरीत थरावर गर्दीने बसलेल्या तपकिरी चकत्या, प्रत्येक चकतीभोवती थराच्याच रंगाची पांढरी उभी कड, अगदी पिटुकली परात ठेवल्यासारखी. एक चकती अर्धा ते पाऊण मिलिमीटर. आमचं लक्ष्य हेच, तात्पुरतं नाव "चकतीवालं".

नखाने जरा खरवडून पण बघितलं. चकतीवाल्याचा आतला रंग स्वच्छ गवती हिरवा येतो, ग्राफिसचा पिवळट-नारिंगीकडे झुकणारा. कारण आतलं शेवाळ वेगळं, ग्राफिसमध्ये ट्रेन्टेपोहलिया असतं ज्याच्या पेशीत नारिंगी रंगद्रव्य भरलेलं असतं. ही युक्ती फुकटची आहे आणि फार कामाची.

16 जून

पाऊस अजून नीट लागला नाही, तुकडे कडक सुकलेत, म्हणून रासायनिक टेस्ट आजच उरकल्या. ओल्यावर केलं तर थेंब पसरतो आणि रंग कळत नाही.

के टेस्ट: पोटॅशियम हायड्रॉक्साइड, 10 टक्के, कॉलेजच्या लॅबमधून छोट्या ड्रॉपर बाटलीत. हातमोजे आणि चष्मा, कातडी जाळतं ते. काडीच्या टोकाने टाचणीएवढा थेंब थरावर, चकतीवर नाही. काही सेकंदांत स्वच्छ पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. म्हणजे वरच्या त्वचेत अ‍ॅट्रानोरिन हे शैवाकातलं रसायन असणार. पिवळं होऊन मग लाल झालं असतं तर नॉरस्टिक्टिक आम्लाचा संशय घ्यावा लागला असता, तसं काही नाही.

सी टेस्ट: घरातलं साधं ब्लीच. ढिम्म. काहीच नाही.

यूव्ही: रात्री लाइट घालवून टॉर्च मारला. इथे एक सांगून ठेवते, नोटा तपासायचे म्हणून जे स्वस्त टॉर्च मिळतात त्यातले बरेचसे 395 नॅनोमीटरचे असतात, त्यातून जांभळा उजेडच इतका येतो की सगळंच चमकल्यासारखं वाटतं, 365 चा हवा. आमचं चकतीवालं मंद, निस्तेज. शेजारचं पिक्सीन मात्र झगझगीत पिवळं पेटलं, त्यात लायकेझँथोन असतं. भाची किंचाळलीच, "मावशी, हे तर डिस्को!" त्यामुळे एक फायदा असा की आमची कुठलीही पांढरी फांदी टॉर्चखाली धरली की पिक्सीन किती आणि बाकीचं किती हे क्षणात वेगळं होतं.

7 जुलै

धो धो. बाहेरची कामं बंद पण बघायला हा महिना मस्त. कोरडं असताना राखाडी दिसणारं शैवाक भिजलं की मिनिटाभरात हिरवं होतं, वरची त्वचा पाणी पिऊन पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसायला लागतं. त्याला मुळं नाहीत, पानांवर असतो तसा मेणाचा थरही नाही, पाणी आलं की जागं होतं आणि वाळलं की काम बंद. फोटो काढताना ओलं की कोरडं हे लिहायलाच हवं, नाहीतर एकाच डागाच्या दोन फोटोंवरून दोन जाती निघतील.

कंपाउंडच्या भिंतीवर आणि नारळाच्या बुंध्यावर पावसाच्या बाजूला गंजासारखा नारिंगी मखमली थर आलाय. ते शैवाक नव्हे, तेच ट्रेन्टेपोहलिया, बुरशीशिवाय एकटं राहणारं. हिरव्या गटातलं शेवाळ असून नारिंगी.

जिन्यात सेक्रेटरी काका भेटले. "ताई, तुम्ही त्या रोगाचा अभ्यास करताय ना? मग औषध कुठलं मारायचं ते पण सांगा, मी मोरचूद-चुना आणायला सांगतोय." थांबवलं कसंबसं. त्यांचं म्हणणं की हे पिठ्या ढेकूण आहेत ज्यांनी मुंबईतले पर्जन्यवृक्ष खाल्ले. शंका अगदीच फालतू नाही, पिठ्या ढेकूणही पांढरेच. पण ते कोवळ्या शेंड्यांवर, पानांच्या बेचक्यात, कापसासारखे, खाली चिकटा आणि मुंग्यांची रांग. शैवाक जून सालीवर, कोरडं, आणि चिरडलं तर ओलसर काही निघत नाही. झाडाचा रस ते पितच नाही, त्याचं जेवण त्याच्या आतलं शेवाळ उन्हावर तयार करतं, साल फक्त बसायला लागते.

मग काका म्हणाले की वाळत चाललेल्या फांदीवरच हे जास्त का असतं. प्रश्न चांगला. कारण उलटं आहे, फांदीची पानं गळली की तिथे ऊन पोचतं, साल वाढायची थांबते आणि शैवाकाला निवांत जागा मिळते. फांदी आधी आजारी पडते, शैवाक नंतर पसरतं. काकांना पटलं का माहीत नाही, पण मोरचूद सध्या टळलाय.

28 जुलै

कॉलेजच्या लॅबमध्ये भाचीने सेक्शन घेतले, मी बाहेरची म्हणून मागे स्टुलावर. चकती ओली करून गाजराच्या खाचेत धरायची आणि नव्या ब्लेडने उभे पातळ काप, एका चकतीतून जे चार-दोन बरे निघतील ते पाण्यात स्लाइडवर.

सगळा मुद्दा त्या पांढऱ्या कडेचा आहे. कडेच्या आत हिरव्या गोल पेशी दिसल्या, भरपूर. म्हणजे कड थॅलसचीच (शैवाकाच्या त्या पांढऱ्या थराचीच) बनलेली आहे, शेवाळासकट. याला लेकॅनोरासारखी कड म्हणतात, लेकॅनोरा हा क्रस्टोज शैवाकांचाच एक गट. चकतीच्या कडेत शेवाळ नसतं आणि ती चकतीच्याच काळ्या-तपकिरी रंगाची असते तेव्हा लेसिडेलासारखे किंवा ब्युएलियासारखे गट निघतात. त्यामुळे काळ्या चकत्यांची ती सगळी मंडळी एका फटक्यात बाद.

तपकिरी चकती आणि थॅलसची कड हे जोडपं अजून एका ठिकाणी सापडतं, रिनोडिनामध्ये. बाहेरून बघून लेकॅनोरा की रिनोडिना हे सांगायचं धाडस मी तरी करणार नाही, भलेभले फोटोवरून बिनधास्त सांगतात. बीजाणू बघितल्याशिवाय नाही.

25 ऑगस्ट

बीजाणू मिळाले! गेल्या वेळच्या चकत्या जुन्या होत्या, बीजाणूंच्या पिशव्या रिकाम्या. यावेळी भाचीने मध्यम वयाच्या निवडल्या, कड शाबूत आणि चकती अजून सपाट असलेल्या. प्रत्येक पिशवीत 8, बिनरंगी, एकाच पेशीचे, लंबगोल, आयपीसच्या पट्टीवर साधारण 12 बाय 7 मायक्रॉन. रिनोडिनाचे तपकिरी असतात आणि मध्ये भिंत घालून दोन खोल्या केलेल्या असतात, बघताक्षणी कळतात. हे ते नाहीत. आयोडीन घातल्यावर पिशवीचं टोक निळं झालं, तेही लेकॅनोराला धरून.

मग लेकॅनोरा. इथवर शंभर टक्के.

पुढे जातीचं नाव? तिथे गंमत सुरू होते. उष्ण प्रदेशात सालीवर येणाऱ्या लेकॅनोरात लेप्रोसा, हेल्वा, अ‍ॅक्रोआ अशी बरीच नावं आहेत आणि लेन्सखाली सगळ्या बहिणी बहिणी. त्यांचा निवाडा दोन गोष्टींवर होतो, कडेतले स्फटिक आणि रसायनं. स्फटिकांसाठी ध्रुवित प्रकाश लागतो, तो भाचीने जुगाड करून आणला: जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्म काढून एक तुकडा दिव्यावर, एक आयपीसवर आडवा फिरवून. पार्श्वभूमी काळी झाली आणि कडेत मोठे मोठे स्फटिक लखलखले, चकतीच्या वरच्या थरात मात्र तसं काही चमकलं नाही. मी तर बघतच बसले. असे मोठे स्फटिक लेप्रोसाला जुळतात, पण तेवढ्यावर नाव लावता येत नाही, कारण मधली रसायनं ओळखायला टीएलसी (पातळ थरावर रसायनं वेगळी करून बघायची लॅबमधली पद्धत) करावी लागते, नुसते थेंब टाकून ती कळत नाहीत.

भारतात या बारीक शैवाकांसाठी सगळे अवस्थींच्या 1991 च्या कीकडे (जाती ओळखायच्या मार्गदर्शिकेकडे) जातात आणि आपल्या शेजारी पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे, पटवर्धन आणि मखिजा यांनी विशेषतः ग्राफिसच्या खानदानावर तिथे प्रचंड काम केलंय. त्यामुळे नाव लावायचंच असेल तर रस्ता आहे. एस.वाय.च्या प्रोजेक्टला गटाचं नाव पुरे.

29 सप्टेंबर

गणपती, ऑफिसचं रिलीज, सगळं आटपून आता अधिवासाकडे. ऐरोलीत स्टेशनकडून ऑफिसपर्यंत आणि लंचनंतर आतल्या सेक्टरांच्या रस्त्यांवर, झाड न् झाड.

पहिला अडथळा गेरू. रस्त्याकडेच्या झाडांना कोणीतरी हौसेने छातीपर्यंत गेरू आणि चुन्याचे पट्टे मारून ठेवलेत, म्हणजे जिथे डोळ्यासमोर शैवाक बघायचं नेमका तोच भाग रंगाखाली. चुन्याने सालीचा गुणधर्मच बदलतो, आम्लाकडून अल्कलीकडे, त्यामुळे रंग उडाल्यावरही पूर्वीचं तिथे परत येईल असं नाही. तर आता उंची ठरवली: पट्ट्याच्या वर हातभर सोडून पुढचे दोन हात. मोबाइल सेल्फी स्टिकला लावून फोटो. लोक बघतात. बघू देत.

सोनमोहर: करडी, बऱ्यापैकी गुळगुळीत साल, पिक्सीन आणि डिरिनारियाने भरलेली, लेकॅनोरा मधल्या फटीत थोडं.
पर्जन्यवृक्ष: जाड, भेगाळ, बुचासारखी साल, कंगोऱ्यांवर पानासारखी शैवाकं, क्रस्टोज फार कमी. दोन झाडं मेलेली, साल पोपडे होऊन पडतेय आणि सगळं तिच्याबरोबर.
पेरू आणि निलगिरी: स्वच्छ. दरवर्षी साल टाकून देणाऱ्या झाडावर सावकाश वाढणाऱ्याने घर करायचं कसं? क्रस्टोज शैवाक वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतं, कधी तेवढंही नाही.
नारळ: पांढऱ्या नकाशांनी मढलेला, पण त्यात ग्राफिसचं खानदान जास्त.
आंबा: पुन्हा तेच, चकतीवालं, फांद्यांवर रेलचेल.

हे लिहिताना लक्षात येतंय की मी रस्ता-रहदारी बघायला निघाले होते आणि वहीत भरलंय सगळं सालीबद्दल.

20 ऑक्टोबर

येऊर. सकाळी लवकर, उपवनावरून चढून. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, तिथून काडीसुद्धा उचलायची नाही, त्यामुळे फक्त फोटो आणि लेन्स. भाचीने मैत्रीण आणलेली, दोघींना भूक आधी लागली.

इथली गंमत अशी की आपलं लेकॅनोरा जंगलात जास्त असेल असं वाटत होतं पण गर्द सावलीत ते जवळपास नाहीच. दाट भागातल्या गुळगुळीत सालींवर ग्राफिसच्या रेघा आणि काळे ठिपके ठिपके असलेलं पायरेनुला. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी तुकड्या-तुकड्यांची, त्यावर सलग डाग टिकतच नाही. लेकॅनोरा दिसलं ते वस्तीजवळच्या आंब्यांवर, रस्त्याच्या कडेला, जिथे फांदीवर दिवसातून काही तास ऊन येतं. म्हणजे हा उजेडाचा गडी. आमच्या सोसायटीतही छाटलेली फांदी गॅलरीपर्यंत आलेली, उघड्यावरची, आणि त्याच आंब्याच्या आतल्या सावलीतल्या बुंध्यावर चकत्या विरळच.

उतरताना चहा आणि वडापाव. नोंद करण्यासारखं अजून काही नाही, कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

17 नोव्हेंबर

भाचीच्या मॅडमनी ड्राफ्टवर शेरा मारलाय, "हवेच्या शुद्धतेचा निष्कर्ष लिहा". इथे आमचं जरा वाजलं. तिला लिहायचं होतं की आपल्याकडे शैवाक आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे, सगळीकडे तसंच छापलेलं असतं. मी म्हटलं थांब.

गोष्ट खरी आहे पण अर्धी. 1866 मध्ये नायलँडर नावाच्या फिनिश शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं नोंदवली आणि ती शहराच्या हवेचं माप देतात असं म्हटलं (के आणि सी टेस्टही त्याच माणसाने त्याच वर्षी पुढे आणल्या, म्हणजे आमचा अख्खा प्रकल्प एका माणसाच्या एका वर्षावर उभा आहे). कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने शैवाकं मरतात हे युरोपात पुढे पक्कं झालं. पण तिथेच एक लेकॅनोरा, कोनिझिऑइडिस, धुरकट शहरांत उलट फोफावलं आणि हवा सुधारल्यावर कमी झालं. म्हणजे लेकॅनोरा दिसलं एवढ्यावरून हवा चांगली असं म्हणताच येत नाही, कुठलं लेकॅनोरा ते आधी सांगा, आणि तेच तर आम्हाला टीएलसीशिवाय सांगता येत नाहीये. पिक्सीनसुद्धा धूळ-धूर बऱ्यापैकी सोसणारं म्हणूनच ओळखलं जातं.

शिवाय ऐरोलीतला सोनमोहर आणि येऊरचा आंबा यांची तुलना करून हवेबद्दल बोलायचं म्हणजे परीक्षा कुणाची चाललीये, हवेची की सालीची? एकच जातीचं झाड, सारखी जाडी, सारखी उंची, सारखं ऊन, असं घेऊन एमआयडीसीच्या कडेचा आंबा आणि येऊरचा आंबा ताडून बघितला तर काहीतरी बोलता येईल. तसं केलेलं नाही. तर लिहायचं काय: "हे लेकॅनोरा टिकाऊ सालीच्या, उघड्यावरच्या, ऊन येणाऱ्या फांद्यांवर राहतं, आंब्यावर सर्वाधिक, साल सोडणाऱ्या झाडांवर नाही, दाट सावलीत नाही." हवेचं नाव नाही. भाची म्हणाली "मार्क कापतील." म्हटलं कापू देत, तू कारण लिही खाली. तिने लिहिलं, आणि माझ्यापेक्षा बरं लिहिलं.

8 डिसेंबर

प्रोजेक्ट जमा. मॅडमनी हवेचा मुद्दा काढल्याबद्दल काही म्हटलं नाही, उलट स्फटिकांचा फोटो डिपार्टमेंटच्या बोर्डावर लावायला मागितला.

नमुन्याच्या पाकिटावरचं शेवटचं लेबल: लेकॅनोरा, जात अनिश्चित, आंब्याची फांदी, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, पश्चिमेचं ऊन, वर्तकनगर, ठाणे, थर के पिवळा, सी नाही, यूव्ही मंद, कडेत मोठे स्फटिक, बीजाणू 8, एकपेशी, बिनरंगी. एक संच कॉलेजच्या कपाटात, एक माझ्याकडे शूजच्या खोक्यात डांबरगोळी टाकून.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आंब्याला गेरू न लावण्याचं मान्य झालंय. निघताना काकांनी विचारलं की ते पांढरं राहू दे, पण बकुळीच्या पानांवर काळं काय चढलंय, तेही तुमचं शैवाकच का? खाली जाऊन बघितलं तर बोटाने पुसलं जातंय आणि पानाखाली चिकटा. ती काजळी, किड्यांच्या गोड चिकट्यावर वाढणारी बुरशी. तिथे मात्र पिठ्या ढेकूण खरंच आहेत, आणि साबणाचं पाणी मारायला मी स्वतःच सांगितलं.